पत्ता माझ्याच अक्षरात

मी गाव सोडलं त्या दिवशी आई रडली नाही. तिला वेळच नव्हता. सकाळपासून तिनं मला ओट्यावर बसवून पोस्टकार्डांवर पत्ते लिहायला लावले होते. तिसगावच्या बाजारातून आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणला होता. वीस-पंचवीस तरी असतील. त्यातल्या प्रत्येकावर मी नगरच्या मुलींच्या बोर्डिंगचा पत्ता घालायचा होता. "पत्ता तुज्या हातचा असू दे," ती म्हणाली. "माजं अक्षर वाकडं. पोस्टमन भलतीकडंच टाकायचा. मजकूर मी लिहीन."

एकोणीसशे सत्तरचा जून. पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव डोंगराच्या पोटाशी, हुलग्या-बाजरीचं. तिथून एक मुलगी कॉलेजात निघाली होती, ही गोष्ट गावाला अजून पचायची होती. फाट्यावर एसटी आली तेव्हा चार बाया उगीच डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या. माझी ट्रंक टपावर चढली. आण्णा कंडक्टरला "पोरीला माळीवाड्याला उतरवा" असं तिसऱ्यांदा सांगत होते. आईनं खिडकीशी येऊन एवढंच विचारलं, "समद्यावर लिवलंस न्हवं? येखादं राह्यलं न्हाई?" मी मान हलवली आणि गाडी सुटली. करंजीचा घाट येईपर्यंत माझ्या बोटाला शाई होती, ती मी थुंकी लावून पुसत होते.

बबन, तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. आण्णांच्या खांद्यावर बसून गाडीकडे बोट दाखवत होतास. हे तुझ्यासाठी लिहिते आहे. आणि गावात राहिलेल्या त्या सगळ्यांसाठी, ज्यांनी गेल्या वर्षी आण्णांच्या दहाव्याला तुझं बोलणं ऐकलं आणि खाली बघितलं. तू म्हणालास, "आक्का, आण्णांच्या टायमाला तरी आलीस. आईच्या दुखन्यात दिवाळी असून आली न्हवतीस." पन्नास वर्षं हे मी ऐकत आले आहे, कधी तोंडावर, कधी पाठीमागं. शांता शिकली आणि मोठी झाली, आईच्या मरणाला पोचली नाही. आण्णा होते तोवर मला उत्तर देता येत नव्हतं. का, ते पुढे कळेल. तेवढं शेवटपर्यंत वाच.

आईला लिहायला मी शिकवलं होतं. मी चौथीत असेन. ती भाकरी थापायला बसली की काठवटीतलं पीठ हातानं पसरून मी त्यात बोटानं अक्षर काढायची आणि ती ते गिरवायची. गिरवून झालं की त्याच पिठाची भाकरी. आण्णा जेवताना म्हणायचे, "आज काय खातोय मी, क का ख?" अशी ती दोन वर्षांत जोडाक्षरांपर्यंत आली. आमच्या आळीत लिहिता येणारी बाई तेवढी एकच. माझी पहिली विद्यार्थिनी ती, आणि तिला शिकवताना मी तिच्या हातून काही हिसकावून घेतलं नव्हतं. तो उद्योग मी पुढं कॉलेजात गेल्यावर केला.

बोर्डिंगमध्ये मला राहायला-जेवायला फुकट नव्हतं. कॉलेज करून संध्याकाळी आठवी-नववीच्या मुलींना निबंध आणि पत्रलेखन शिकवायचं, अशी रेक्टरबाईंची अट होती. मला ती अट वाटलीच नाही, मान वाटला. माझ्याकडे लाल शाईचं पेन आलं. वीस मुली सतरंजीवर ओळीनं बसायच्या आणि मला 'ताई' म्हणायच्या. मी स्वतः अठरा वर्षांची, गावाकडचं 'न्हाई' आणि 'व्हय' जिभेवरून अजून पुरतं खरवडून झालेलं नव्हतं, पण पोरींच्या वहीतलं 'हाय' दिसलं की मी ते असं खोडायची की कागद फाटावा. नवा मुसलमान मोठ्यानं बांग देतो म्हणतात, त्यातला प्रकार.

माझी पद्धत ठरलेली होती. निबंधाची सुरुवात निसर्गानं करायची, मध्ये दोन सुविचार, शेवट 'म्हणूनच म्हणावेसे वाटते' असा. पत्राचा तर साचाच करून दिला होता मी. वर श्री, उजवीकडे तारीख, मायना, 'इकडील सर्व क्षेम', मग खुशालीची चौकशी, मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. घरातली रड पत्रात आणायची नाही. कुणाचं दुखणं, भांडण, पोटबीट असलं काही नाही. मुलींना मार्क पडू लागले. रेक्टरबाई खूष होत्या आणि मी तर काय, हवेतच होते.

आणि दर पंधरा दिवसांनी आईचं कार्ड यायचं. एका बाजूला माझ्याच अक्षरात माझाच पत्ता, दुसऱ्या बाजूला तिचं वेडंवाकडं चालणारं अक्षर. तिला साचा ठाऊक नव्हता. ती बोलायची तसंच लिहायची. 'म्हसीला रेडी झाली. तुज्या बापानं खरवस लई खाल्ला आन पोट बिगाडलं. तांब्या घिऊन पळतानी धोतरात पाय आडकून पडला. मी हासले तर रागाव्ला. मग तोबी हासला.' टपाल वाटायची मुलींची पाळी असायची, आणि कार्ड उघडंच. ज्या मुलीची पाळी होती तिनं हे जेवणाच्या पंगतीत मोठ्यानं वाचलं. पुढे महिनाभर मला येता-जाता "काय शांता, खरवस पचला का?" ऐकावं लागलं. आज ते कार्ड मिळालं तर मी डोक्यावर घेऊन नाचेन. त्या दिवशी मात्र मला ताटावरून उठून जावंसं वाटलं.

मग मी ते केलं. आईचं कार्ड घेतलं, लाल शाईनं तपासलं. खरवस खोडला, आण्णांचं पोट खोडलं, हसणं खोडलं. खाली शेरा लिहिला, 'पत्रात असे लिहू नये.' आणि दहापैकी दोन मार्क देऊन, सोबत मुलींना देते तो नमुना सुवाच्य अक्षरात लिहून, पाकिटात घालून गावी पाठवलं. आईला. जिनं मला अक्षर काढायला पीठ पसरू दिलं तिला.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पुढचं कार्ड आलं ते बरहुकूम आलं. 'श्री. चि. शांता हिस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. इकडील सर्व क्षेम असून तुझी खुशाली कळविणे. चि. बबन मजेत आहे.' मी खूष होऊन त्याला सात मार्क दिले. सुटीत घरी गेले तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुज्या आईला सात मार्क पडले म्हनं? गावभर सांगत फिरली." आईनं हळूच विचारलं, "तीन कशाचं कापलं गं?" मी म्हणाले, तारीख विसरतेस. तिनं मान डोलावली आणि पुढच्या गठ्ठ्यावर पत्ते लिहायला मला बसवलं.

असं दीड-दोन वर्षं चाललं. कार्डं यायची, मी एक नजर टाकायची, क्षेम वाचायची, ट्रंकेत ठेवायची. घरी म्हैस विकली गेली, ते मला सुटीत गोठा रिकामा दिसला तेव्हा कळलं. कार्डात नव्हतं. कसं असेल?

बहात्तरच्या जूनमध्ये नववीत सुमन आली. अकोले तालुक्यातली, डोंगरातल्या भाताच्या गावची, काळीसावळी आणि कमी बोलणारी. ऑगस्टअखेर मी 'माझी आई' हा निबंध घातला. सुमननं अर्धं पानच लिहिलं. मला ते अजून पाठ आहे. 'भाताची आवणी लागली की आई दिवसभर चिखलात असते. तिच्या पायाला चिखल्या होतात. घरी आल्यावर ती चुलीपुढं पाय धरते आणि डोळे मिटते. तेव्हा तिच्याशी बोललं तर ती रागावते. मग मी बोलत नाही. नुसती जवळ बसते.' मी त्यावर आडवी रेघ मारली आणि लिहिलं, 'आईची थोरवी लिही.'

दुसऱ्या दिवशी तिनं दोन पानं आणून दिली. त्यात वात्सल्यसिंधू होता, मायेचा सागर होता, 'म्हणूनच म्हणावेसे वाटते' होतं. मी आठ मार्क दिले. ती वही घेऊन गेली नाही, तिथंच उभी राहिली. मग तिनं विचारलं, चिडून नाही, खरोखरच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं, "ताई, ही आई कुनाची हाय?"

बाकीच्या पोरी हसल्या. मीही त्यांच्याबरोबर हसायला तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. तास संपवला आणि वर जाऊन ट्रंकेतली आईची कार्डं काढली. एकापुढं एक लावली. चाळीसेक असतील. सुरुवातीची सात-आठ सोडली तर सगळी एकसारखी. त्यांतली कुठलीही उचलून कुठल्याही मुलीला दिली असती तरी चाललं असतं. ही आई कुणाची? लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, पण मी तर लोकांना ब्रह्मज्ञान सांगून घरातला देव विकून बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून तासाला मी नमुने सांगायचं बंद केलं. "काल घरची आठवण कशानं आली ते लिहा," म्हणाले. पहिले आठ दिवस पोरींना काही सुचेना. मग लिहू लागल्या. कुणाच्या घरच्या दाराची कडी कशी वाजते, कुणाचा भाऊ झोपेत कसा बोलतो. मी लाल पेन बाजूला ठेवून वाचायची. वाचता वाचता मला कळत गेलं की शिकवणाऱ्याचं पहिलं काम ऐकण्याचं असतं आणि मी दोन वर्षांत कुणाचंच ऐकलं नव्हतं. सुमननं मला हे शिकवलं. तिला ते कधी कळलंही नाही.

आणि मी आईला लिहिलं. लांबलचक लिहिलं. 'आई, मी चुकले. तू पहिल्यासारखं लिही. तुला बोलायला येतं तसंच लिही. म्हैस विकली तर विकली म्हण. मार्क-बिर्क काही नाही.' ते पाकीट पेटीत टाकलं आणि दुसऱ्याच दिवसापासून उत्तराची वाट बघायला लागले.

बहात्तरचं साल काय होतं हे गावात राहिलेल्यांना मी सांगायला नको. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. आई-आण्णा दोघंही नालाबंडिंगच्या दुष्काळी कामावर जात होते, रेशनची तांबडी मिलो ज्वारी खात होते, टँकरचं नाहीतर डबक्याचं पाणी पीत होते. मला हे सगळं नगरला वर्तमानपत्रात वाचायला मिळत होतं. कार्डात मिळत नव्हतं. म्हणून मी जास्तच आतुर होते.

कार्ड आलं. 'श्री. चि. शांता हिस अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम असून...' वर तारीख नाही.

मला वाटलं, माझं पत्र पोचायच्या आधी टाकलेलं असेल. पंधरा दिवसांनी पुन्हा एक आलं. पुन्हा क्षेम. पुन्हा तारीख नाही. शब्दसुद्धा बदललेला नाही. तिसरं आलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी समजले ते असं, की आई रुसली आहे. माझा डाव माझ्यावर उलटवते आहे. तुला साचा हवा होता ना, घे साचा. आमच्या घरात राग असाच काढतात, बोलून नाही. आण्णांशी बिनसलं की ती आठ-आठ दिवस "जेवता का?" एवढंच बोलायची, हे मी लहानपणापासून बघितलेलं. मला ते इतकं लागलं, बबन, की मीही तिचीच लेक निघाले. दिवाळी तोंडावर आली होती. मी एक कार्ड लिहिलं. साच्यातलंच. मायना, नमस्कार, इकडील सर्व क्षेम. आणि खाली, 'मी दिवाळीला येत नाही. अभ्यास आहे.'

अभ्यास काही नव्हता. बोर्डिंग रिकामं झालं होतं. मी आणि लांबच्या गावांच्या चार-पाच मुली उरलो होतो, त्यांत सुमनही होती. रेक्टरबाईंनी करंज्या दिल्या. मी त्या खाल्ल्या आणि मनात आईशी भांडत राहिले.

भाऊबीज होऊन तीन दिवस झाले असतील. दुपारी मामा दारात उभे राहिले. टोपी हातात. त्यांनी "चल" एवढंच म्हटलं आणि माझी नजर टाळली. गाडीत त्यांनी मला सांगितलं नाही. करंजीच्या घाटात मी विचारलं, "मामा, आई हाय का?" दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून 'हाय' आलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "न्हाई गं बाई."

मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. ओट्यावर माणसं होती. तू मामीच्या मांडीवर चुरमुरे खात होतास. मला बघून बाया मोठ्यानं रडल्या, आणि त्यातलीच एक म्हणाली, "आता आली व्हय." ते मी तेव्हाच ऐकलं होतं.

कावीळ झाली होती तिला. भादव्यात ताप आला, मग डोळे पिवळे झाले. आण्णांनी तिसगावच्या डॉक्टरकडे नेलं, मंत्रून दिलेली काविळीची माळ डोक्यावर ठेवली. ती माळ डोक्यावरून गळ्यात उतरली की कावीळ उतरली म्हणायची. उतरली नाही.

"मला कळवलं का नाही?" मी आण्णांना विचारलं. मी ओरडलेच असेन.

आण्णांना प्रश्नच कळला नाही. "कार्डं धाडत हुतो की," ते म्हणाले. "तिनंच लिहून ठिवली हुती. ताप आला तवा म्हनली, हात हालतोय तवर लिहून ठिवते, न्हाईतर पोरीला कार्ड जायचं न्हाई अन तिचा जीव अभ्यासात लागायचा न्हाई. येका दिसात चार-पाच लिवली. मी येक बाजार सोडून येकेक टाकायचो. पत्ता तर तुजाच हाय त्याच्यावर."

त्यांनी फडताळातून पत्र्याचा डबा काढून दाखवला. रिकामा. "मागनं येक तिनं पडल्या पडल्याच लिवलं. दोन दिस लागले तिला. मला म्हनली, हे टाका. मी ठिवलं गठ्ठ्यात खाली. म्हनलं पयली आधी जाऊ द्या, वळीनं. ते शेवटचं, गेल्या बाजारला टाकलं." आणि मग ते म्हणाले, "पर तवापसून रोज इचारायची, यष्टी आली का? यष्टी आली का? मी म्हनलं, कोन यायचंय? तर गप बसायची. मग तुजं कार्ड आलं. ते वाचलं तिनं. उशाखाली ठिवलं. मग न्हाई इचारलं."

हे सांगताना आण्णांचा आवाज नेहमीसारखा होता. आपण काय सांगतो आहोत ते त्यांना माहीत नव्हतं, आणि त्या क्षणी मलाही पुरतं कळलं नव्हतं.

तेरावं झाल्यावर मी नगरला परत गेले. बोर्डिंगच्या दारात सुमन उभी होती. तिनं आपल्या निबंधाच्या वहीतून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "तुम्ही गेल्यावर आलं. मी कुनालाच वाचू दिलं न्हाई," ती म्हणाली आणि आत निघून गेली. पत्ता माझ्याच अक्षरातला. मी उलटलं. वर श्री नव्हतं. क्षेम नव्हतं.

'शांते. तुजं पत्र भेटलं. तू म्हनली येईल तसं लिव. लई बरं वाटलं. हे लिवाया सोपं पडतं. मी आजारी हाय. डोळं पिवळं झालं. भिऊ नको. तुज्या बापाला सैपाक जमतो पर मीठ इसरतो. बबन तुजी पाटी घिऊन बसतो. त्याला क येतो. म्हस इकली तवा मी रडले. तुला सांगाचं राह्यलं. आज कंचा वार हाय म्हाईत न्हाई म्हनून तारीक लिवली न्हाई. मार्क कापू नको. मला तुला बगू वाटतं. परिक्षा आसल तर नको येऊ.' जागा संपली होती. उरलेलं तिनं कार्ड उलटं करून, माझ्या पत्त्याच्या कडेनं, जेमतेम मावेल असं लिहिलं होतं. 'पर ये.'

ते कार्ड लिहिलं तेव्हा दिवाळीला महिना होता. ते त्याच बाजाराला पेटीत पडलं असतं, तर मी तिच्या उशाशी असते. आणि हेही आहे, जे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. आईला माहीत नव्हतं की तिचं कार्ड डब्यात तळाशी पडून आहे. तिच्या हिशेबी ते मला मिळालं होतं. तिनं लिहिलं 'ये', आणि माझ्याकडून कार्ड आलं, 'मी दिवाळीला येत नाही. अभ्यास आहे.' तिनं ते माझं उत्तर म्हणूनच वाचलं असणार. म्हणून मग तिनं एसटीचं विचारणं सोडलं.

आता सांग बबन, हे मी आण्णांना सांगायचं होतं? की तुम्ही ओळीनं टाकलीत म्हणून? ज्या माणसाला वाचता येत नव्हतं, एक कार्ड दुसऱ्यापासून ओळखता येत नव्हतं, त्याला? आणि ती सगळी सारखी दिसावीत अशी व्यवस्था कुणी केली होती? खरवसाची कार्डं चालू राहिली असती तर पहिल्या क्षेमालाच मी एसटी धरली असती. आण्णांची चूक एका डब्याची. माझी चूक लाल शाईची. म्हणून तुमचं सगळ्यांचं बोलणं मी ऐकून घेतलं. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

लग्न होऊन मी जबलपूरला आले. यांची नोकरी फॅक्टरीत, क्वार्टर, मग कॉलनीतलं स्वतःचं घर. शाळेत मराठी नव्हतीच, मी हिंदी माध्यमात शिकवलं. तीस वर्षांत हजार पोरांचे निबंध वाचले असतील, पण लाल पेन कधी घेतलं नाही. हेडमास्तर म्हणायचे, "मॅडम, आप तो पेन्सिल से जाँचती हैं." मी हसून सोडून द्यायची. इकडे मी भाजीवाल्याशी हिंदीत भांडते, देवाशी मराठीत बोलते, आणि नात म्हणते, "नानी, आपकी मराठी तो किताब जैसी है." खरंच आहे. पुस्तकातलीच आहे. मी ती तशी करून घेतली.

एका उन्हाळ्यात मी गावी आले होते तेव्हा आण्णांनी चिंचेखाली बसल्या बसल्या अचानक विचारलं, "तिनं शेवटच्या कार्डात काय लिवलं हुतं गं?" तू तेव्हा मळ्यात गेला होतास. मी त्यांच्याकडे बघितलं. ते सत्तरीला आले होते. मी म्हणाले, "नेहमीचंच, आण्णा. इकडील सर्व क्षेम." त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाले, "म्हंजी निवांत गेली म्हनायची." मी "व्हय" म्हणाले. माझा साचा जन्मात एकदा कुणाच्या कामाला आला तो असा.

आता आण्णा नाहीत. म्हणून ते कार्ड या पाकिटात घालते आहे. इतकी वर्षं ते माझ्याकडे होतं, पण ते घरचं आहे, घरीच असावं. माझ्यासारखे जे जे बाहेर पडले, ते सगळे घर म्हणजे काय ते आपापल्या परीनं सांगतात, कुणी ओटा सांगतो, कुणी चिंच. मला एवढंच सांगता येतं. 'नको येऊ' लिहून झाल्यावर कार्ड उलटं करून कडेनं 'पर ये' लिहिणारं माणूस जिथं होतं, ते माझं घर. तिथं जायचं माझं राहून गेलं.

आता एक काम कर. मी हे कार्ड कितीदा मोठ्यानं वाचून बघितलं आहे. माझ्या तोंडून ते आईचं वाटत नाही, मास्तरणीनं वाचल्यासारखं होतं. तुझ्या जिभेवर तिचीच बोली आहे, ती कुणी खोडली नाही. संध्याकाळी ओट्यावर बस, मला फोन लाव, आणि तिनं लिहिलंय अगदी तसं वाच. मधे मी काही बोलणार नाही. फक्त शेवटच्या दोन शब्दांशी आलास की कार्ड उलटायला थोडा वेळ घे.